पायाखालच्या जमिनीचे शिक्षण कोणासाठी?

महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के भूमी बेसाल्टच्या कातळाची आहे. हा कातळ पाणी सहजासहजी साठवीत नाही. ते सापडते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. भूशास्त्रातील हे अगदी प्राथमिक ज्ञान. तरीही कोरडवाहू शेतकरी तळहातावर नारळ ठेवणाऱ्या पाणाड्याच्या भरवशावर कर्ज काढून बोअर घेतो, आणि ती कोरडी गेली की दोष त्याच्या नशिबाला! हे अज्ञान त्याच्यावर लादलेले आहे.

किल्लारी परिसरात १९९२ मध्येही धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरड निसर्गाची खरी. परंतु तिच्याखाली वारंवार कष्टकरी आणि आदिवासीच का सापडावेत?

अशा या राज्यात उच्च माध्यमिकच्या विषयांच्या यादीत भूशास्त्र आहे, पण शिकवले जाते मोजक्याच ठिकाणी. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत त्याला स्थान नाही, म्हणून शिकवणीवर्गांच्या बाजारात त्याला किंमत नाही. अभ्यासक्रम समाजाच्या गरजेने ठरायचा की बाजाराच्या?

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अभ्यासालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक तालुक्यातील किमान एका शासकीय वा अनुदानित विद्यालयात भूशास्त्र विनाशुल्क शिकवावे, आणि त्याचे श्रेयांक विद्यापीठांनी पदवीसाठी ग्राह्य धरावेत. पदवीचा थोडा भार गावाजवळच हलका झाला, तर शहरातील खोलीभाडे व खाणावळ न परवडणाऱ्या मुलामुलींना उच्च शिक्षणाचे दार किलकिले होईल. हेच काम फी उकळणाऱ्या संस्थांवर सोपवले, तर श्रेयांकही पैसेवाल्यांच्याच पदरात पडतील.

शिक्षक कोठून आणायचे, असे विचारले जाईल. विद्यापीठे भूशास्त्राचे पदवीधर घडवीत आहेत. त्यांच्यासाठी पदे निर्माण करणे हे शासनाचे काम आहे. प्रयोगशाळेचा खर्च मोठा म्हणणाऱ्यांनी आधी कोरड्या बोअरांत बुडालेल्या कर्जाचा हिशेब मांडावा. शिवाय गावची विहीर, ओढा आणि खाण ही या विषयाची निम्मी प्रयोगशाळा आहेच.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून ठराव करावेत, जिल्हा परिषदांना निवेदने द्यावीत, विद्यापीठांच्या अधिसभांत हा प्रश्न लावून धरावा. जी माणसे ही जमीन कसतात आणि तिच्याखाली गाडलीही जातात, तिच्या ज्ञानावर पहिला हक्क त्यांच्या मुलांचा आहे.