दोबार दान, शेजारीणबाई!

"तुला काय करायचीय ती बोस्नियन भाषा शिकून?" अमेरिकेहून परत आल्यावर हा प्रश्न मला घरच्यांपासून बचत गटातल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी विचारला. प्रश्न काही चुकीचा नाही. आपल्या तालुक्याच्या गावात बोस्नियाचं माणूस कशाला येतंय? पण मैत्रिणींनो, मी भाषा नाही शिकले. शिकले ती फक्त दहा-बारा शब्दांची विचारपूस. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

त्याचं झालं असं. मागच्या वर्षी धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन महिने सेंट लुईसला जाऊन राहिले. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात युद्ध झालं. सुमारे एक लाख माणसं मेली, कितीतरी लाख देशोधडीला लागली. त्यातली हजारो कुटुंबं या शहरात येऊन वसली. बहिणीच्या शेजारी अशाच एक आजी राहतात. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही तसलंच. चार दिवस आम्ही कुंपणापाशी नुसत्या एकमेकींकडे बघून हसायचो. पाचव्या दिवशी त्यांच्या नातीला विचारून मी एक वाक्य पाठ केलं आणि धीर करून म्हटलं, "दोबार दान! काको स्ते?" म्हणजे, नमस्कार, कशा आहात? आजींनी झाडांना पाणी घालायची नळी तिथंच टाकली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

मग काय, रोज एक शब्द. सकाळी 'दोब्रो युत्रो', दिवसा 'दोबार दान', झोपायच्या वेळी 'लाकु नोच', निरोप घेताना 'दोविजेन्या'. 'दान' म्हणजे दिवस, आपला 'दिन'च की! भावाला म्हणतात 'ब्रात', आपला भ्राता. बोस्नियावर तुर्कांनी चारशे वर्षं राज्य केलं, त्यामुळे साखरेला 'शेचेर' आणि साबणाला 'सापुन'. ऐकून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

आपल्यासारखंच त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे. मैत्रिणीला 'काको सि', वडीलधाऱ्यांना आणि परक्यांना 'काको स्ते'. आभार मानायला 'ह्वाला', माफी मागायला 'इझ्विनिते'. आणि 'मोलिम' तर हरकामी शब्द. विनंती करायची, मोलिम. कुणी आभार मानले, मोलिम. नीट ऐकू आलं नाही, तरी मोलिम! आपल्याकडे 'कृपया' आणि 'धन्यवाद' हे शब्द पाटीवर आणि भाषणात. घरात आपण 'जरा देतेस का गं' असं म्हणतो, त्यातच सगळं आलं. त्यांच्याकडे मात्र घरच्या माणसालाही ह्वाला म्हणतात. मला आधी ते परकं वाटलं. मग सवय झाली आणि आवडायलाही लागलं.

सगळ्यात गोड शब्द 'बुयरुम'. म्हणजे या, बसा, घ्या ना! हा शब्द आला की कॉफी आलीच. तांब्याच्या 'जेझवा'त केलेली, बिनकानाच्या छोट्या कपात ओतलेली, सोबत साखरेचा खडा. पाहुणा आल्या आल्या द्यायची ती 'दोचेकुशा', गप्पांची 'राझगोवोरुशा', आणि आता निघा असं सुचवणारी 'सिक्तेरुशा'! आपण नाही का, "बसा ना अजून" म्हणतो आणि डोळे घड्याळावर!

पण एक दिवस गाडी वेगळ्याच रुळावर गेली. नात म्हणाली, "आमच्यात नुसत्या नमस्कारावरून माणूस कुणातला ते कळतं." मुसलमान घरात 'मेरहाबा' किंवा 'सेलाम' ऐकू येतं, सर्ब आणि क्रोएट घरांत नाही. कॉफीला कुणी 'काह्वा' म्हणतं, कुणी 'काफा', कुणी 'कावा'. 'दोबार दान' आणि 'ह्वाला' मात्र सगळ्यांचं. आज तिथं बोस्नियन, सर्बियन, क्रोएशियन अशा तीन राजभाषा आहेत, आणि बोलणाऱ्यांना एकमेकांचं सगळं समजतं.

मग मला राहवेना. मी विचारलं, शेजारणीला 'कोमशिनित्सा' म्हणून रोज हाक मारणाऱ्यांच्या देशात असं झालंच कसं? आजी कितीतरी वेळ गप्प होत्या. मग बोलल्या, नातीनं सांगितलं, "शेजारणीनं आधी कॉफीला येणं बंद केलं. मग रस्त्यात दिसली की मान वळवायला लागली. गोळ्या त्यानंतर आल्या."

टोने ब्रिंगा या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सारायेव्होजवळच्या एका गावात राहून केलेला १९९३ चा माहितीपट बहिणीकडे बघितला. 'वुई आर ऑल नेबर्स' त्याचं नाव. एकमेकींकडे कॉफीला जाणाऱ्या मुसलमान आणि कॅथलिक शेजारणी त्यात आहेत. बघता बघता त्यांचं येणं-जाणं थांबतं. हे मला आजींनी आधीच सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, नमस्कारानं कुठं युद्ध थांबतं? नाहीच थांबत. त्या बायकांना एकमेकींचे शब्द पाठ होते, तरी घरं जळाली. म्हणून नुसते शब्द शिकून भागत नाही, हे मलाही पटलंय. चार लोक "तिच्याशी बोलू नको" म्हणतात, तेव्हा ते शब्द म्हणायची हिंमत लागते. पण जो शब्द साध्या दिवसांत तोंडात बसलेला नाही, तो त्या दिवशी कुठून येणार?

आता माझी चूक सांगते. आमच्या गटातली एक बाई इतकी वर्षं मला "जय भीम, ताई" म्हणते. मी "हं, ये, बस" म्हणायची. कधी "नमस्कार". कुणी राम राम म्हटलं की मी राम राम म्हणते, कुणी जय जिनेंद्र म्हटलं तर तेही म्हणते. हेच दोन शब्द माझ्या तोंडून कसे येत नव्हते? सातासमुद्रापार जाऊन परकी वाक्यं पाठ केली, आणि गल्लीतला नमस्कार परत करायचा राहिला होता. आल्यावर पहिल्या बैठकीला मीच आधी म्हटलं, "जय भीम." ती क्षणभर बघतच राहिली. मग हातातलं पासबुक बाजूला ठेवून म्हणाली, "जय भीम, ताई. बसा, चहा टाकते."

बुयरुम म्हणजे तरी दुसरं काय? तुमच्या ओळखीत अशी कुणी असेलच. उद्या तिला तिच्याच शब्दांत नमस्कार करून बघा.