पैसे अडकले तर थांबा, वाट शोधू नका



आज उसाबद्दल लिहायला बसलो होतो. खोडव्याचा पहिला डोस, पहार, पाचट, असं सगळं मनात होतं. पण तो डोस आमच्या भावकीत यंदा का चुकला, हे सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं खरं होणार नाही. म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर.

आमच्याकडं ऊस डिसेंबरात तुटला. पुतण्याचा प्लॉट माझ्या बांधाला बांध. तोडणी झाल्यावर बुडखे छाटले, पाचट सरीत दाबलं, सगळं वेळेवर. खतासाठी पंधरा हजार बाजूला ठेवलेले. खोडव्याला पहारीनं पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत जायला पाहिजे, दुसरी १३० ते १३५ दिवसांनी, हे आपण दरवर्षी एकमेकांना सांगतो. बारावा दिवस उजाडला तरी पोतं शिवारात आलं नाही. विचारलं तर म्हणाला, "दुकानात माल न्हाई." दुकानदार माझ्या ओळखीचा. माल होता.

त्याच रात्री साडेदहाला पोरगं दारात.

"तात्या, पैसं कट झालं, पण गेममध्ये जमा न्हाई झालं. तुम्हाला मोबाईलमधलं कळतंय, जरा बघा की."

"किती?"

"पाच."

"पाचशे?"

गप्प राहिला. मग म्हणाला, "हजार. तीन वेळा."

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. कारण मला माहीत आहे ही सवय कुठं लागते. आठवड्याआड रात्रीची लाईट असते. मोटर चालू करून पाणी शेवटच्या सरीला पोचेपर्यंत माणूस एकटा. थंडी, साप, डोळ्यांवर झोप, आणि हातात फोन. दोन वर्षांमागं मीही मोटरच्या खोलीत बसून रमी लावली आहे. माझे सतराशे गेले आणि मी थांबलो, त्यात माझी हुशारी काही नव्हती. आमच्या मंडळींनी मेसेज बघितला म्हणून थांबलो.

२०२५ च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळात फोनवर रमीचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो असं ते म्हणाले, पण महिनाअखेर त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं. आपण सगळ्यांनी पारावर बसून टाळ्या दिल्या. तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आपल्या मोटरच्या खोलीत कुणी कॅमेरा लावला तर किती जण सापडतील? बोललो मात्र नाही. तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

असो. त्या रात्री आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. ठिबकचं पाणी शेवटच्या नळीला येत नसेल तर आपण काय करतो? मोटर, फिल्टर, मेन, सबमेन, लॅटरल, ड्रीपर असं एकेक टप्प्यानं बघत जातो. पैशाचंही तसंच आहे. बँक, वॉलेट किंवा यूपीआय ॲप, मधली पेमेंट कंपनी, मग घेणाऱ्याचं खातं. कुठं अडलं ते आधी बघायचं, मग हात घालायचा.

पहिला पाच हजारांचा व्यवहार वॉलेटमधून केलेला. आधी पेंडिंग, मग फेल. याची कारणं साधी असतात. वॉलेटची पूर्ण केवायसी नसेल तर महिन्याला दहा हजारांच्या वर भरता येत नाहीत आणि त्यातनं फक्त खरेदी होते, दुसऱ्याला पैसे पाठवता येत नाहीत. फोन नवा घेतला असेल तर पहिले चोवीस तास यूपीआयची मर्यादा पाच हजारांचीच असते. कधी बँकेचा सर्व्हर बंद असतो. आणि कधी समोरचा पैसे घ्यायला पात्रच नसतो, म्हणून मधली कंपनी व्यवहार अडवते.

असा पैसा बुडत नाही. रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला यूपीआयनं पाठवलेला पैसा कट झाला आणि पोचला नाही, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आला पाहिजे. दुकानदाराला किंवा कंपनीला दिलेला असेल तर पाच दिवस. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. व्यवहाराचा बारा आकडी नंबर असतो, तो लिहून ठेवायचा आणि ॲपमधूनच किंवा बँकेत तक्रार करायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे. बियाण्याचे, औषधाचे, मोटर दुरुस्तीचे पैसे अडकले तरी हाच रस्ता. पुतण्याचे पहिले पाच हजारही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप परत आले. कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही.

उरलेले दहा हजार मात्र अडकलेले नव्हते, ते गेलेले होते.

झालं असं की पहिला व्यवहार पेंडिंग दिसल्यावर त्यानं गेमच्या 'मदतनीसाला' टेलिग्रामवर विचारलं. तो म्हणाला, वॉलेटनं होत नाही, हा क्यूआर स्कॅन कर. स्कॅन केल्यावर नाव आलं कुणा बाईचं. कंपनीचं नाव नाही, साध्या माणसाचं बचत खातं. पोरानं पिन टाकला. ॲपमध्ये सक्सेस, गेममध्ये शून्य. पुन्हा विचारलं तर म्हणाला, आधीची रक्कम मोकळी करायला तेवढीच आणखी भर, दोन्ही एकदम जमा होतील. या वेळी नाव तिसऱ्याच माणसाचं. हेही सक्सेस.

मंडळी, इथं नीट लक्ष द्या. फेल आणि सक्सेस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेल झालेला पैसा सिस्टीमच्या हातात असतो, तो परत येतो. सक्सेस झालेला पैसा समोरच्याच्या खात्यात पडलेला असतो. स्वतः पिन टाकून दिलेला पैसा बँक आपणहून ओढून आणत नाही. तिथं एकच धावपळ कामाची, १९३० ला फोन. तोही लगेच, पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. पुतण्या माझ्याकडं आला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. लाजेनं चार दिवस घालवले. १९३० ला फोन मी स्वतः लावला, तक्रार नोंदली गेली, पण पाणी पुलाखालून गेलेलं.

त्याला वाटत होतं ॲपमध्ये काहीतरी बिघाड आहे. बिघाड नव्हता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात बँका आणि पेमेंट कंपन्यांनी अशा खेळांचे पैसे पुढं न्यायचे नाहीत असं कलम आहे. मोठ्या नावाच्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशाचे खेळ बंद केले, लोकांना शिल्लक काढून घ्यायची सोय दिली. मग आता जो 'पैसे भरा' म्हणतोय तो कोण? ज्याला कायद्याची भीती नाही आणि ज्याचा पत्ता आपल्याला माहीत नाही, तो. सरळ वाटेनं पैसे घेता येत नाहीत म्हणूनच तो दुसऱ्याच्या बचत खात्यावर मागतो. डिपॉझिट फेल होणं म्हणजे कुंपण शाबूत असल्याची खूण आहे. आपणच कुंपणाला भगदाड शोधायला निघालो तर दोष कुणाला द्यायचा?

यावर काही जण म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की आधीच्या कंपन्या निदान केवायसी घ्यायच्या, कर भरायच्या, तक्रारीला दार तरी होतं. बंदी आली आणि मैदानात फक्त चोर उरले. मान्य. पण आधीचं दार तरी कुठं नेत होतं? १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे शंभरातले जवळजवळ बावीस रुपये पत्ता उचलायच्या आधीच कराचे. कंपन्या बोनस दाखवून ते झाकायच्या. वर त्यांचं कमिशन, आणि जिंकलं तर निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस. जिथं पेरणीआधीच एवढी तूट, तिथं पीक काढून दाखवणारा शेतकरी मला भेटलेला नाही. तेव्हा बंदीनं चोर वाढले हे खरं असलं तरी त्यावरचा उपाय म्हणून आधीचा खेळ परत आणा, हे मला पटत नाही.

आपल्या भागाला मटका नवीन नाही. जुगाराचा कायदा तर १८८७ चा आहे. पण मटक्याची चिठ्ठी घेणारा माणूस निदान गावातला होता, त्याचं घर माहीत होतं. इथं समोर नुसता एक फोटो आणि 'सर, प्लीज वेट' एवढंच.

आता खरी गोष्ट पुढं आहे, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्या मदतनीसानं पुतण्याच्या खात्यावर दोन हजार परत टाकले. "प्रोसेस चालू झाली, विश्वास ठेवा." पोरगं खूश. पंधरवड्यानं वहिनी दुधाचं बिल काढायला गेल्या. डेअरीचं दहा दिवसांचं बिल त्याच खात्यावर येतं. खातं बंद. बँकेत कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आहे. ते दोन हजार दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. त्या बिचाऱ्यानं तक्रार केली, पैशाचा माग काढत काढत पोलीस आमच्या गोठ्यापर्यंत आले.

दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ धार काढणारी बाई, जिनं आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, तिचं बिल अडकलं. पेंडीचं पोतं उधारीवर आणलं. अर्ज दिलाय, व्यवहाराचा उतारा जोडलाय, १९३० च्या तक्रारीचा नंबर जोडलाय, ईमेल केलाय. अजून खातं मोकळं झालेलं नाही. डेअरीला सांगून पुढची बिलं वहिनींच्या स्वतःच्या खात्यावर वळवली, एवढंच हाताशी होतं. ते दोन वर्षांमागंच करायला पाहिजे होतं. बाईच्या कष्टाचे पैसे बाईच्या खात्यावर, हा माझा या सगळ्यातला पहिला धडा.

दुसरी गोष्ट याहून वाईट. गावागावांत पोरांना सांगितलं जातंय, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार मिळतील. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड द्यायचं, बाकी काही करायचं नाही. पुतण्याला क्यूआरवर जी नावं दिसली ती बहुतेक अशीच, कुणाच्या तरी घरातली. भाड्यानं दिलेल्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला की पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. पैसे लावून खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, पण अशा खेळाचा पैसा फिरवायला मदत करणाऱ्याला आहे. जमीन खंडानं देतो तसं खातं देता येत नाही, हे घरातल्या पोरांना जेवताना सांगा.

माझं म्हणणं थोडक्यात. पैसे अडकले की पहिल्यांदा थांबा, दुसरा व्यवहार करू नका. फेल आहे की सक्सेस ते बघा. फेल असेल तर पाच दिवस वाट बघा. सक्सेस असेल आणि नाव अनोळखी असेल तर त्याच मिनिटाला १९३०. पैसे परत मिळवायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुणी पाठवलेली एपीके फाईल फोनमध्ये घ्यावी लागत नाही. असं कुणी सांगत असेल तर तो तुमचा उरलेला पैसाही न्यायला बसलाय. आणि अनोळखी खात्यातून पैसा आला तर तो खर्चू नका, बँकेला लेखी कळवा.

कृषी खात्यातली, कारखान्याच्या शेती विभागातली मंडळी हे वाचतात म्हणून त्यांनाही एक विनंती. खोडव्याला डोस वेळेवर का गेला नाही, याचं कारण दरवेळी अज्ञान नसतं. माती परीक्षण, पान परीक्षण सांगता, फार उपयोग होतो. पण चांगला शेतकरी अचानक खताला उशीर करायला लागला, तर एकदा बाजूला घेऊन विचारा, "सगळं बरं आहे न्हवं?" मी बारा दिवस विचारलं नाही.

पुतण्याच्या प्लॉटला पहिला डोस विसाव्या दिवशी गेला. परत आलेल्या पाच हजारांत माझे थोडे घातले. पहार मी मारली, खत त्यानं टाकलं. फूट कशी येते ते महिन्यानं फोटोसकट लिहीन. त्याला विचारूनच हे सगळं लिहिलंय. म्हणाला, "नाव नका घालू तात्या, बाकी सगळं लिव्हा."

रात्रीची लाईट या आठवड्यात आमच्याकडं आहे. आता मोटरवर दोघं मिळून जातो.