शाळेबद्दल मुलींचं मत कोण विचारतं?

प्रवेशाचे दिवस आले की ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत, चाळीच्या गॅलरीपासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत एकच चौकशी सुरू होते – शाळा कशी आहे? उत्तरंही ठरलेली असतात. दहावीचा निकाल चांगला लागतो. फी जास्त आहे, पण इंग्रजी पक्कं होतं. आणि मुलीसाठी शाळा बघायची असेल तर एक वाक्य हमखास येतं, ‘शिस्त कडक आहे, काळजी नको.’ मुलींच्या पालकांना या ‘कडक’ शब्दाचा फार आधार वाटतो.

वस्तीत काम करताना आठवी-नववीच्या मुलींशी बोलणं होतं तेव्हा मात्र वेगळीच यादी समोर येते. संडासाच्या दाराला कडी नाही. दुपारनंतर नळाला पाणी नाही. पाळी आली तर पॅड बदलायचं कुठे, टाकायचं कुठे? एक सर पाठीवर हात ठेवून वही तपासतात, म्हणून त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या घोळक्यातून मान खाली घालून जायचं. यातलं घरी काय सांगितलं, असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच असतं – ‘सांगितलं तर शाळाच बंद करतील.’

मुलींच्या गप्प बसण्याचं कारण लाज आहे, अज्ञान आहे, असं आपण शिबिरांतून नेहमी सांगतो. तेवढंच खरं नाही. मुली विचार करून गप्प बसतात. बोलण्याची किंमत शिक्षणाने चुकवावी लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून शाळेबद्दलचं पालकांचं मत आणि मुलींचं मत या दोन गोष्टी एकाच घरात राहूनही एकमेकींना भेटत नाहीत.

आईची स्थितीही समजून घ्यायला हवी. शाळा कोणती हे बहुतेक वडील ठरवतात, पालकसभेला मात्र आई जाते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, नाहीतर धुण्याभांड्याची कामं चुकवून ती जाते आणि सही करून येते. तिने तिथे संडासाचा विषय काढला तर ‘तुमचीच मुलगी का तक्रार करते?’ हे ऐकावं लागतं. घरी सांगितलं तर ‘मग काढ तिला शाळेतून.’ दोन्हीकडून दोष मुलीकडेच येतो. अशा वेळी आईही गप्प राहते, ती मुलीची शाळा टिकावी म्हणूनच.

कल्याणहून लोकलचे दोन फाटे निघतात. दोन्ही फाट्यांवर गेल्या काही वर्षांत जे घडलं ते आपण विसरता कामा नये. कर्जतच्या फाट्यावर बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. आईवडिलांनी मुलींवर विश्वास ठेवला, पण पोलीस ठाण्यात त्यांना तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, समित्या यांचा शासन निर्णयही निघाला.

वर्ष उलटायच्या आत, ८ जुलै २०२५ ला, कसाऱ्याच्या फाट्यावर शहापूरला एका खाजगी शाळेच्या संडासात रक्ताचे डाग दिसले. पालकांच्या तक्रारीनुसार, त्याचे फोटो पाचवी ते दहावीच्या मुलींना पडद्यावर दाखवले गेले. कुणाची पाळी चालू आहे हे हात वर करून सांगायला लावलं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलींना आत नेऊन कपडे उतरवून तपासलं गेलं. पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी यांना अटक झाली.

या प्रकरणातल्या दोन गोष्टींचा आपण विचार करायला हवा. एक, आरोप आहे तो बायकांवर. तेव्हा ‘शाळेत महिला कर्मचारी नेमा’ एवढी मागणी पुरत नाही, आणि कॅमेऱ्याने तर यातलं काहीच अडलं नसतं. पाळीच्या रक्ताकडे गुन्हा म्हणून बघणारी नजर हीच तर ‘कडक शिस्त’ आहे. दोन, मुलींनी घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत धडकले. मुली अनेक होत्या, म्हणून एकमेकींच्या आधाराने बोलल्या. हेच एकट्या मुलीवर ओढवलं असतं तर?

कायद्याने पालकांना जागा दिलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पण तो कायदा आठवीपर्यंतचा, आणि विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ आणला, पण तो मुख्यतः फीपुरता. मुलींना थेट जागा आहे ती सखी सावित्री समितीत. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे या समितीत दोन विद्यार्थिनी आणि दोन विद्यार्थी असायला हवेत.

आपल्या भागातल्या माध्यमिक शाळेत या दोन मुली कोण आहेत? त्यांना कुणी निवडलं, बाईंच्या लाडक्या म्हणून की वर्गातल्या मुलींनी? समितीची बैठक झाली का, इतिवृत्तात काय लिहिलंय? हे प्रश्न घेऊन गटागटाने शाळेत जाता येईल. शिक्षिकांना आरोपी समजून नव्हे. त्यांच्यातल्या कित्येकजणी कंत्राटी आहेत आणि त्याच कडी नसलेल्या संडासात जातात. लैंगिक अत्याचार कळूनही संस्थाप्रमुखाने तो पोलिसांना कळवला नाही तर पोक्सो कायद्याप्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही तिथे सांगायला हवं. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर भिंतीवर दिसेल असा लावायला हवा.

पण त्याआधीचं काम घरात आहे. वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत आईवडील दोघांकडून, वडिलांकडून तर आग्रहाने, एक शब्द घेऊया : ‘तू शाळेबद्दल काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही.’ हा शब्द मुलीला तिच्यासमोर द्यायचा आणि पाळायचा. शाळा बदलावी लागली, सोबत जावं लागलं, पोलीस ठाण्यात बसावं लागलं, तरी शिक्षण थांबणार नाही. एवढी खात्री मिळाली की मुलींना प्रश्नावली वाटायची गरज पडणार नाही. शाळा कशी आहे ते त्या आपणहून सांगतील.