‘ओपन’ ही कुणाची जात नाही

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी आमच्या दिघ्यातल्या अभ्यासिकेतला एक पोरगा मोबाईल घेऊन धावत आला. यादीत त्याच्या नावापुढे प्रवर्ग होता ‘एससी’ आणि मिळालेल्या जागेचा प्रकार होता ‘जीओपनएच’. ज्यांना ही सांकेतिक भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘जी’ म्हणजे जनरल, ही जागा फक्त मुलींसाठी राखलेली नाही. ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातली. आणि मधला ‘ओपन’ म्हणजे खुली. पोराला गुणच इतके होते की आरक्षित जागेपर्यंत जायची वेळ आली नाही. आम्ही पेढे वाटले. चार दिवसांनी तो कागदपत्रे द्यायला कॉलेजात गेला. खिडकीतल्या बाईंनी यादी दोनदा पाहिली आणि विचारले, “तू एससी ना? मग ओपनमध्ये कसा?” रांगेत मागे उभा असलेला एकजण म्हणाला, “आमच्यातली एक सीट गेली.”

आमच्यातली! या एका शब्दासाठी हा लेख लिहायला बसलो आहोत.

‘ओपन’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. दुकान ओपन असते. हृदयाची ओपन सर्जरी होते. सामन्यात कुणीतरी ओपनिंगला उतरतो. गिरणगावातल्या जुन्या माणसांना विचारा, मटक्याचा आकडा ओपनला लागला की क्लोजला, हे ते आजही सांगतील. मटक्याचा जन्मच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला यावर लागणाऱ्या पैजांतून झाला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने मुक्त विद्यापीठ आले, तेव्हापासून आमच्या कितीतरी कामगार बापांनी पाळ्या सांभाळत ‘ओपनमधून बी.ए. केलं’. तेवढ्यावरून त्यांना कुणी ‘ओपनचे’ म्हटले नाही, हा भाग वेगळा.

शब्दाचे मूळ शोधायला गेलो तर आणखी गंमत. भाषेचे अभ्यासक सांगतात की ‘ओपन’ आणि ‘अप’ ही एकाच घरातली भावंडे. झाकण वर उचलले, पापणी वर केली, की ती गोष्ट ‘ओपन’ झाली. आपल्याकडचा ‘उप’ हा संस्कृत उपसर्गही त्याच दूरच्या मुळाशी जाऊन भिडतो. म्हणजे शब्दाच्या पोटात ‘वर’ आहेच! पण तिथे ‘वर’ जाते ते झाकण. आपल्या समाजाने झाकण तसेच घट्ट ठेवले आणि माणसे वर बसवली.

कारण आज महाराष्ट्रात ‘तो ओपनचा आहे’ याचा अर्थ काय होतो? ब्राह्मण, सीकेपी, मराठा, मारवाडी, जैन असे काहीतरी. नेमके कोण ते सांगावे लागत नाही, हीच त्या शब्दाची सोय. नेरुळ, सानपाड्यात भाड्याने घर शोधताना दलाल आधी पूर्ण नाव विचारतो, मग आडनाव पुन्हा एकदा विचारतो आणि मग म्हणतो, “सोसायटीत सगळे ओपनवाले आहेत, जरा बघतो.” ‘उच्चवर्णीय’ म्हणायला जीभ अडते, ‘सवर्ण’ म्हटले की जातीयवादी ठरू अशी भीती वाटते. ‘ओपन’ म्हटले की कसे, स्वच्छ! जात सांगूनही जात न सांगितल्याचे पुण्य. ज्यांना जात आहे ते आम्ही, कारण जातीचा दाखला आणि पडताळणी आमच्या मागे लागलेली. ते मात्र जातीच्या पलीकडचे, ओपन.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खुला प्रवर्ग हा कुणाचाही कोटा नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की मागासवर्गीय उमेदवार खुल्या स्पर्धेत स्वतःच्या गुणवत्तेवर निवडला गेला तर तो आरक्षित जागांत मोजायचा नाही. तरीही महिलांच्या समांतर आरक्षणाच्या आडून भिंत उभी राहिलीच. उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीत खुल्या महिला जागांवर निवडल्या गेलेल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिला बाहेर ठेवल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २०२० रोजी, सौरव यादव खटल्यात, न्यायमूर्ती लळित, भट आणि रॉय यांनी तो प्रकार मोडून काढला. न्या. भट यांनी स्वतंत्र निकालपत्रात बजावले की खुला प्रवर्ग हा कोटा नसून तो सर्व स्त्री-पुरुषांना सारखाच उपलब्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हीच भूमिका त्याआधी घेतली होती.

म्हणजे आमच्या पोराने कुणाचे काही घेतलेले नाही. ‘आमच्यातली सीट’ अशी सीटच अस्तित्वात नाही. उलट त्या रांगेतल्या मुलाच्या डोक्यात जे आहे, त्यालाच आरक्षण म्हणतात. अघोषित, अमर्याद आणि कोणताही दाखला न मागणारे आरक्षण.

आणि ‘खुले’ या शब्दावर हक्क सांगायचाच असेल तर तो आमचा पहिला आहे. इथून मुंबई-गोवा हायवेने सरळ महाडला जा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद ओपन, तळे बंद! तीन वर्षे तिथे जनावर पाणी पिऊ शकत होते, महार-चांभार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसे त्या पायऱ्या उतरली तेव्हा कुठे त्या ठरावाला ओल लागली. पुढे काय झाले? माणसांची डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टातून तळ्यावरचा हक्क शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे! एका तळ्यासाठी.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा करता येईल असे लिहिले आहे. काळारामाच्या दारात पाच वर्षे उभे राहिलेल्या माणसांचा इतिहास त्या वाक्यामागे आहे. ‘ओपन’ हे आमच्या चळवळीतले क्रियापद आहे. खुले करणे. ज्यांनी प्रत्येक वेळी दार लावले त्यांच्याच नावाला ते विशेषण म्हणून चिकटावे, याहून मोठी चोरी कोणती?

कुणी म्हणेल, ओपनमधल्या गरिबांचे काय? प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे यांच्यामागे मराठा समाजाचा प्रचंड मोर्चा आमच्या वाशीत येऊन थांबला होता. एपीएमसीच्या आवारात चुली पेटल्या होत्या. २७ तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे अधिसूचनेचा मसुदा घेऊन वाशीत आले. ती माणसे कागदोपत्री ‘ओपन’ होती आणि ओपनमधून बाहेर काढा म्हणून शेकडो किलोमीटर आली होती. त्यांच्या मागणीतल्या कुणबी नोंदींच्या मुद्द्यावर आमचे मतभेद आहेत, ओबीसींच्या ताटातले काढून देण्याला आमचा विरोध आहे. पण एक गोष्ट त्या मोर्चाने उघड केली. कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा आणि कोटाच्या क्लासला लाखो रुपये भरणाऱ्याचा पोरगा यांना एकाच ‘ओपन’च्या पोत्यात भरले होते, आणि पोत्याचे तोंड दुसऱ्याच्या हातात होते.

मग २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून आर्थिक दुर्बलांना १० टक्के दिले. त्यातून एससी, एसटी, ओबीसी गरीब वगळले. गरिबीलाही जात लावली! नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केले. विरोधात होते ते दोघे कोण? लळित आणि भट. ज्यांना ‘ओपन’चा अर्थ कळला होता तेच. आज राज्याच्या नोकरभरतीत जुने ५२ टक्के, ईडब्ल्यूएसचे १० आणि २०२४ च्या कायद्याने दिलेले एसईबीसीचे १० वजा करा. उरले २८. त्या २८ टक्क्यांत आमचा पोरगा दिसला की यांच्या पोटात दुखते.

दोष आमचाही आहे. आमच्याच घरात, आमच्याच सभेत आम्ही ‘ती ओपनची मुलगी’, ‘ओपनचा साहेब’ असे बिनदिक्कत बोलतो. एमपीएससीची तयारी करणारी आमची मुले ‘ओपनचा कटऑफ आपला नाही’ म्हणत आरक्षित रेषेलाच लक्ष्य मानतात. आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यावर आता दोनच आकडे लिहितो, एकूण जागा आणि खुल्या जागांचा कटऑफ. बाकीची रेषा अडीअडचणीला आहेच, ती आपल्या हक्काची आहे, तिची लाज नाही. आणि कुणाची जात सांगायची वेळ आली तर जातीचे नाव घ्यायचे, किंवा सरळ सवर्ण म्हणायचे, असेही ठरवले आहे. सुरुवातीला जीभ अडखळते. सवय होते.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जातनिहाय गणना जाहीर केली आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. प्रगणक घरोघरी येतील, वाशीच्या टॉवरमध्ये येतील तसे दिघ्याच्या चाळीतही येतील, आणि प्रत्येकाला जात विचारतील. त्या रकान्यात ‘ओपन’ लिहून चालणार नाही. तेव्हा काय लिहायचे ते रांगेतल्या त्या मुलाने आतापासून घरी विचारून ठेवावे.