औषध निष्प्रभ का होते?



‘आधी गाठ लहान झाली, मग तेच औषध लागू पडेना. आमच्या पथ्यात काय चुकले?’ कर्करोगाशी झुंजणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न वारंवार उमटतो. कोणी आहाराला दोष देतो, कोणी पूर्वकर्माला. कर्मसिद्धान्त आपणांस समता शिकवितो. रुग्णावर ठपका ठेवण्यासाठी तो नाही. औषध निष्प्रभ होण्याची कारणे बहुधा कर्करोगाच्या पेशीतच असतात.

काही पेशींच्या आवरणावर प्रथिनांचे पंप असतात. आत शिरलेले औषध ते बाहेर फेकतात. अशा एका पंपाचा, पी-ग्लायकोप्रोटीनचा, शोध १९७६ मध्ये लागला. काही पेशी औषध जेथे चिकटते ती जागाच बदलून टाकतात. अडचण ही की, हा पालट बहुधा गाठ पुन्हा वाढल्यावरच ध्यानी येतो.

तो आधी ओळखता यावा म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाकडे वळले आहेत. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेले अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत; परंतु मेद, प्रथिने आणि केंद्रकाम्ले हे किरण आपापल्या ठरावीक लहरींवर शोषतात. मोठ्या डेअऱ्यांच्या प्रयोगशाळा याच तत्त्वावर दुधातील फॅट मोजतात. पेशीतून किरण पाठविले की तिच्या घटकांचा जणू ताळेबंदच हाती येतो, तोही कोणताही रंग न वापरता. रक्ताच्या कर्करोगाच्या, औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशी अवरक्त वर्णपटावरून वेगळ्या ओळखता येतात, असे ब्रसेल्सच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले.

पाणी मात्र हे किरण फार शोषते. म्हणून पेशी सुकवून तपासाव्या लागतात. तेथे रामन परिणाम उपयोगी पडतो, कारण त्याला पाण्याचा अडथळा फारसा होत नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोधला. योगायोग असा की, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीच सुरू झाले. त्याच संस्थेच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात डॉ. सी. मुरली कृष्णा आणि सहकाऱ्यांनी रामन वर्णपटाने मुखकर्करोग ओळखण्याचे काम अनेक वर्षे केले; रुग्णाच्या गालाच्या आतील भागावर प्रकाशाची नळी टेकवून मापनेही घेतली.

तथापि, औषधाला न जुमानणाऱ्या पेशी प्रकाशाने ओळखण्याची ही विद्या अजून प्रयोगशाळेतच आहे. ‘आमच्या यंत्राने तुमचे औषध चालेल की नाही हे लगेच कळेल’ असे कोणी म्हणाले, तर पैसे मोजण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. औषधाचा परिणाम ओसरल्यास उपचार मधेच सोडू नयेत. पुन्हा बायोप्सी किंवा जनुकीय चाचणी घ्यावी का, अन्य औषध आहे का, हे विचारावे. आणि पहिल्यापासून तंबाखू, गुटखा व सुपारी घरातूनच नव्हे, तर दुकानाच्या गल्ल्यावरूनही दूर ठेवावी.

आपल्या कळंबच्या शिवारात शेठ वालचंद हिराचंद यांनी यंत्रविद्येवर विश्वास ठेवून वालचंदनगर उभे केले. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. कर्करोगाच्या संशोधनाला दिलेला रुपया औषधदानही आहे आणि ज्ञानदानही. या पर्युषणात दानाचा संकल्प करताना त्याचाही विचार व्हावा.