हार एकीच्या गळ्यात, कंत्राट बाकीच्यांच्या हातात

आठ मार्च आला की संरक्षण क्षेत्रातल्या कर्तबगार स्त्रियांत टेसी थॉमस यांचे नाव हमखास येते. 1988 मध्ये डीआरडीओत रुजू झालेल्या, पुण्यात क्षेपणास्त्रविद्या शिकलेल्या या बाईंनी 2011 मधल्या अग्नी-4 प्रकल्पाचे नेतृत्व केले. हे कर्तृत्व खोटे नाही. खोटा आहे तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष : बघा, दार उघडे आहे!

दार किती उघडे आहे ते पाहू. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही 1954 मध्ये स्थापन झालेली, रडार आणि सोनार बनवणारी सरकारी कंपनी. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या मुलीपुढे तिथे दोन वाटा असतात. एक कायम नोकरीची. मूळ वेतन 40,000 रुपयांपासून, पण खुल्या गटाला वयाची अट 25. दुसरी ‘ट्रेनी इंजिनिअर’ची. वयाची अट 28, पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, मुदत दोन वर्षे, वाढली तर तीन. मुदत संपली की पुन्हा जाहिराती शोधायच्या.

अट मुलग्यांना आणि मुलींना सारखीच आहे, असे सांगितले जाते. अट सारखी असेल, पण बाविशी ते पंचविशीची वर्षे सारखी असतात का? परीक्षेच्या तयारीला परगावी पाठवले जाते ते मुलाला. मुलीची तीच वर्षे स्थळे बघण्यात आणि आजाऱ्यांची सेवा करण्यात जातात. सरकारला आपली अडचण कळते ती एवढीच : डीआरडीओच्या शास्त्रज्ञपदाच्या अर्जाला स्त्रियांना 100 रुपये शुल्क माफ!

मग ती कंत्राट घेते. लग्न आणि बाळंतपण नेमके त्याच वर्षांत येते. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा 2017 मध्ये कायद्याने मिळाली. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ थांबत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. तो मिळवायला एका कंत्राटी डॉक्टर स्त्रीला तिथवर लढावे लागले. पुढच्या मुदतवाढीवर डोळा ठेवून काम करणारी मुलगी कोर्टात जाईल, की गप्प बसेल?

‘शस्त्रे बनवणाऱ्यांची बाजू आपण का घ्यायची?’ असे काही मैत्रिणी विचारतील. युद्धखोरीला आपला विरोध आहे आणि राहील. पण या कामाबद्दल आतून प्रश्न विचारायची ताकद कुणात असेल? जिची नोकरी पक्की आहे तिच्यात, की जिला दर वर्षी सहीची वाट बघावी लागते तिच्यात? असुरक्षित कामगार ही शांततेची नव्हे, मुकाट्याची हमी असते.

आणि गुप्ततेचा बागुलबुवा नको. 1923 चा गोपनीयता कायदा रडारच्या नकाशाला लागू असेल. पगाराच्या चिठ्ठीला, रजेच्या अर्जाला, लैंगिक छळाच्या तक्रारीला नाही. 2013 च्या कायद्याने दहा माणसांच्या कचेरीतही तक्रार समिती सक्तीची आहे. कुंपणाला काटेरी तार आहे म्हणून ती थांबत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कायम स्वरूपाच्या कामाला कायम नेमणूक. स्त्रियांना वयात सवलत. कंत्राटी मुलींना मागावी न लागता बाळंतपणाची रजा. किती जणी कायम आणि किती कंत्राटी, याचे आकडे दर वर्षी जाहीर. पुण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या गटांनी सुरुवात करावी. या कंपनीचे कारखाने आपल्याच शहरांत आहेत. माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो.