चिठ्ठीवरचं नाव आणि सुनेचं नशीब

सून गप्प गप्प राहू लागली, रात्र रात्र जागी राहिली, की घरात पहिला शब्द निघतो, ‘हिचं डोकं फिरलंय.’ मग कपाटातून डॉक्टरांची जुनी चिठ्ठी निघते आणि प्रकरण थेट वकिलाकडे जातं. समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून हे वरचेवर ऐकते. म्हणून मैत्रिणींनो, चिठ्ठीवरच्या त्या नावाला किती किंमत द्यायची, ते आपल्याला माहीत हवं.

रक्त तपासलं की साखर कळते, तसं मनाच्या आजाराचं नाही. डॉक्टर विचारतात, ऐकतात, बघतात. (थायरॉइड तपासायला सांगतात, कारण त्यातही थकवा, उदासी येते.) नाव देताना ते एका यादीचा आधार घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या या यादीची, म्हणजे आयसीडीची, अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात नैराश्याची १० लक्षणं आहेत. त्यातली किमान ५, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, निदान २ आठवडे दिसली पाहिजेत. भांडणानंतर दोन दिवस रडणं यात बसत नाही.

एके काळी बाईच्या प्रत्येक दुखण्याला ‘हिस्टेरिया’ म्हणत. हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला! आजच्या यादीत हा आजार नाही. अंगात येण्याचंही बघा. ते रूढीचा, देवकार्याचा भाग असेल तर यादी त्याला आजार म्हणत नाही. पण त्याबाहेर, इच्छेविरुद्ध, पुन्हा पुन्हा घडत असेल आणि बाईला त्याचा त्रास होत असेल, तर त्यावर उपचार हवेत. तिथे मांत्रिकाचं काय काम?

आता कोर्टाचं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं. पण आजार इतका तीव्र हवा, की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव पुरेसं नाही, तीव्रता सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर सरळ म्हणतो, की निदान झालं एवढ्यावरून कुणी वेडं ठरत नाही, ते ठरवायचं न्यायालयाने. सासरचे लोक मात्र चिठ्ठी नाचवतात आणि माहेरचे घाबरून सही करून टाकतात!

या भीतीने कित्येक जणी डॉक्टरांकडेच जात नाहीत, आणि गोळ्यांनी आटोक्यात आला असता असा आजार वाढत जातो. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट, कधीही करा, मराठीतही बोलता येतं. आणि दवाखान्यात गेलात तर आपले कागद मागून घ्या. त्याच २०१७ च्या कायद्याने ते मागण्याचा हक्क रुग्णाला दिलाय, आणि तिची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलंय.